पूर्वजांचा शोध आणि बोध

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला की जुनी दप्तरे उघडली जातात. संस्थापकांची छायाचित्रे शोधली जातात, पहिल्या सभेचे इतिवृत्त पाहिले जाते, देणगीदारांच्या नावांची खातरजमा होते. अवघ्या पन्नास वर्षांचा वृत्तांत जुळविताना जर इतके सायास पडतात, तर दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी आपल्या घराण्यात कोण होते, ते कोठून आले, कोणता व्यवसाय करीत होते, हे शोधू जाणाऱ्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना सहज येते.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. प्रत्येकास आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या मागच्या पिढीत आठ. अशा रीतीने पाचव्या पिढीस बत्तीस आणि दहाव्या पिढीस एक हजार चोवीस पूर्वज होतात. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर दहा पिढ्या म्हणजे अडीचशे वर्षे, अर्थात पेशवाईचा काळ. त्या एक हजार चोवीस व्यक्तींपैकी किती जणांची नावे सांगता येतील? बहुतेक घरांत वडील, आजोबा आणि फार तर पणजोबा एवढ्यावर गाडी थांबते. पणजीचे माहेरचे नाव विचारले तर घरातील वडीलधारेही एकमेकांकडे पाहू लागतात. व्यापारी माणूस वर्षारंभी नवी वही घालताना मागील बाकी पुढे ओढल्याशिवाय पहिली रक्कम लिहीत नाही. घराण्याच्या वहीत मात्र मागील बाकीची जागा कोरीच राहिलेली असते.

हा शोध जैनास उचित आहे काय?

विषयात शिरण्यापूर्वी एका शंकेचा विचार करणे अगत्याचे आहे. जैन आचारशास्त्रात आठ मद वर्ज्य सांगितले आहेत. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि शरीर यांचा गर्व हे ते आठ मद होत. पित्याच्या वंशाचा गर्व तो कुलमद आणि मातेच्या वंशाचा गर्व तो जातिमद. श्वेतांबर परंपरेत सांगितली जाणारी मरीचीची कथा सर्वश्रुत आहे. आजोबा पहिले तीर्थंकर, पिता पहिला चक्रवर्ती आणि स्वतः पुढे पहिला वासुदेव होणार, हे कळताच मरीची कुलाच्या अभिमानाने नाचू लागला आणि त्याने नीच गोत्रकर्माचा बंध केला. त्या कर्माचे फळ पुढे महावीरांच्या भवापर्यंत पोहोचले, असे त्या परंपरेत मानतात. मग पूर्वजांचा शोध घेणे म्हणजे त्याच गर्वाला खतपाणी घालणे नव्हे काय?

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर शोधाच्या हेतूत आहे. आपले घराणे इतरांपेक्षा मोठे होते हे सिद्ध करण्यासाठी केलेला शोध कुलमदातच मोडेल. परंतु ज्यांच्या कष्टावर आणि संयमावर आपले आजचे जीवन उभे आहे, त्यांची नावे जाणून घेणे हे कृतज्ञतेचे अंग आहे. शिवाय प्रामाणिक शोध गर्व वाढवीत नाही, तो उतरवितो. मागे जाऊ लागले की शेठ सापडतो तसा डोक्यावर गाठोडे घेऊन गावोगाव फिरणारा फेरीवालाही सापडतो. पेढी भरभराटीस आणणारा सापडतो, तसा दिवाळे निघून गाव सोडणाराही सापडतो. दोघांनाही सारख्याच आदराने वहीत जागा देण्याची तयारी असेल तरच या मार्गाला लागावे.

थडगी नाहीत, तरीही खुणा आहेत

पाश्चात्त्य देशांत पूर्वजांचा शोध घेणारा प्रथम चर्चच्या आवारातील दफनभूमीत जातो. तेथील शिळांवर नाव, जन्म, मृत्यू आणि नातेसंबंध कोरलेले असतात. जैन समाजात दहनसंस्कार असल्यामुळे ही सोय नाही. देहाविषयी आसक्ती नसावी, ही त्यामागील दृष्टी आहे. तथापि दगडावरील स्मृतीची परंपरा आपल्याकडे अजिबातच नाही, असे म्हणता येणार नाही. सल्लेखना घेऊन देह ठेवणाऱ्या साधूंच्या व श्रावक-श्राविकांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळांना निषिधी म्हणतात. श्रवणबेळगोळ येथे पाचशेहून अधिक शिलालेख असून त्यांतील पुष्कळसे अशा समाधिमरणाची नोंद करणारे आहेत. काही लेखांत गुरूचे नाव आहे, काहींत त्या व्यक्तीचे आप्त व शिळा बसविणाराचे नाव आहे. त्याच क्षेत्री उत्तरेकडून गेलेल्या यात्रेकरूंनी नागरी आणि महाजनी लिपीत कोरविलेल्या नोंदीही आहेत. म्हणजे यात्रेस गेलेला पूर्वज आपल्या गावापासून शेकडो कोसांवर आपली खूण ठेवून आला, असे घडलेले आहे. महाराष्ट्रात धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखनापूर्वक देह ठेवला, हे तर आजच्या ज्येष्ठ पिढीच्या हयातीतील आहे.

परंतु सामान्य गृहस्थाची नोंद निषिधीवर क्वचित मिळते. त्याचा ठाव लागतो तो मंदिरात. जिनप्रतिमेच्या पादपीठावर किंवा धातुमूर्तीच्या पाठीमागे कोरलेला लेख हा आपल्या समाजाचा सर्वांत मोठा दस्तऐवज आहे. रोज दर्शन घेणारे हजारो असतात, पण तो लेख वाचणारा विरळा.

या लेखांची एक ठरावीक धाटणी असते. ती समजली की वाचन फारसे कठीण नाही. आरंभी संवत किंवा शक, मग महिना, पक्ष, तिथी व वार येतो. दिगंबर लेखांत त्यापुढे संघ, गण, गच्छ, अन्वय आणि भट्टारकांची गुरुपरंपरा दिलेली असते. श्वेतांबर लेखांत ज्ञाती आणि श्रेष्ठीचे नाव आधी व प्रतिष्ठा करणाऱ्या सूरींचे नाव बहुधा शेवटी येते. ‘सा.’ म्हणजे साह, ‘सं.’ म्हणजे संघवी किंवा संघपती, ‘भा.’ म्हणजे भार्या. नंतर पुत्रांची नावे येतात. पुष्कळ श्वेतांबर लेखांत मूर्ती कोणाच्या ‘श्रेयसे’ म्हणजे कल्याणासाठी करविली तेही दिलेले असते. बहुधा ते नाव आईचे, वडिलांचे किंवा दिवंगत भावाचे असते. उपकेश किंवा ऊकेश ज्ञाती म्हणजे आजचे ओसवाल, प्राग्वाट म्हणजे पोरवाड, एवढे ध्यानात ठेवले तर अर्धे काम झाले.

अशा एका लेखात तीन पिढ्या कशा सामावतात, याचे जुने उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. कागल तालुक्यातील बामणी येथील शिलाहार राजा विजयादित्याचा शके १०७३ चा, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमाराचा शिलालेख पार्श्वनाथ मंदिराच्या दानाची नोंद करतो. मंदिर उभारणाऱ्या कामगावुंडाची ओळख देताना लेखकाने त्याचे आई-वडील, पत्नी आणि जेंतगावुंड व हेम्मगावुंड ही मुले, या सर्वांचा नामनिर्देश केला आहे. राजवंशाची माहिती देणारे शिलालेख पुष्कळ आहेत, परंतु साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका गावप्रमुखाच्या आईचे आणि पत्नीचे नाव आज वाचता येते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

येथे एक सावधगिरी हवी. संवत १५४८ चा, वैशाख शुद्ध तृतीयेचा, भट्टारक जिनचंद्र आणि शाह जीवराज पापडीवाल यांच्या नावांचा लेख असलेल्या मूर्ती भारतभर असंख्य दिगंबर मंदिरांत आढळतात. मुडासा नगरी मोठ्या संख्येने प्रतिमांची प्रतिष्ठा करवून त्या ठिकठिकाणी पाठविल्या गेल्या, अशी त्यामागील हकीकत आहे. त्यामुळे आपल्या गावच्या मंदिरात ती मूर्ती आहे म्हणून पापडीवाल आपले पूर्वज ठरत नाहीत, अथवा मंदिर पाचशे वर्षांचे आहे असेही ठरत नाही. मूर्ती प्रवास करतात. लेखातील गाव आणि मूर्तीचे आजचे गाव एक असेलच असे नाही.

मूर्तिलेखांच्या जोडीला हस्तलिखित ग्रंथांच्या प्रशस्ती येतात. व्रताचे उद्यापन झाले की शास्त्राची प्रत लिहवून मुनींना किंवा मंदिराला दान देण्याची प्रथा होती. ग्रंथाच्या शेवटी दान देणाऱ्या कुटुंबाची माहिती लिहिली जाई. अशा दानात स्त्रिया अग्रभागी असल्यामुळे सासू, सुना आणि लेकी यांची नावे या प्रशस्तींत भेटतात. विदर्भातील कारंजा येथील शास्त्रभांडारे या दृष्टीने मोलाची आहेत. बघेरवाल ज्ञातीचे मूळ राजस्थानातील बघेरा गावाशी जोडले जाते. चित्तोडचा जैन कीर्तिस्तंभ याच ज्ञातीच्या शाह जीजाने उभारला आणि पुढे याच ज्ञातीची मोठी वस्ती कारंज्यास झाली. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९५८ साली प्रकाशित केला. त्यात अशा लेखांचा मोठा संग्रह आहे. श्वेतांबर लेखांसाठी पूरणचंद नाहर यांच्या ‘जैन लेख संग्रह’ या ग्रंथाचे भाग १९१८ पासून निघाले. आपले गोत्र आणि गाव त्यांत शोधण्यास कोणत्याही विशेष विद्वत्तेची आवश्यकता नाही. चिकाटी मात्र हवी.

वहीवंचा आणि दुकानाची वही

राजस्थान आणि गुजरातेतून आलेल्या घराण्यांच्या बाबतीत वहीवंचांचे स्थान अनन्यसाधारण आहे. कोठे त्यांना भाट म्हणत, कोठे राव, कोठे जागा. ठरावीक वर्षांनी ते यजमानाच्या दारी येत, लांबट पोथीवजा वही सोडीत आणि मूळ पुरुषापासून वंशावळ मोठ्याने वाचून दाखवीत. मागील भेटीनंतर झालेले जन्म आणि विवाह त्याच बैठकीत लिहिले जात. त्यांची बिदागी ठरलेली असे. मूळ गाव कोणते, तेथून कोणत्या पिढीत कोण बाहेर पडले, सून कोणत्या गावची व कोणत्या गोत्राची, हे त्या वहीत असे. आज अनेक वहीवंचांच्या मुलांनी अन्य व्यवसाय पत्करले आहेत. यजमानही ‘आता कशाला’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवितात. वही ही त्यांची खाजगी मालमत्ता असल्याने तिची प्रत कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. म्हणून ज्यांच्या घरी अद्याप वहीवंचा येतो, त्यांनी त्याला सन्मानाने बसवून घ्यावे, योग्य बिदागी द्यावी आणि त्याच्या अनुमतीने आपल्या घराण्याची पाने उतरवून घ्यावीत.

या वह्यांतील अगदी सुरुवातीची पाने मात्र डोळसपणे वाचावीत. मूळ पुरुषाचा संबंध एखाद्या प्रसिद्ध राजकुलाशी जोडण्याचा मोह वहीवंचाला होई, कारण ऐकणाऱ्याला ते आवडे. अलीकडच्या आठ-दहा पिढ्यांची माहिती अन्य कागदांशी बहुधा ताडून पाहता येते. त्याआधीचा भाग ‘परंपरेने सांगितले जाते’ असे म्हणूनच लिहावा.

दुसरी वही दुकानाची. लाल कापडी बांधणीच्या रोजकीर्दी आणि खातेवह्या हिशेब मिटला की माळ्यावर जात आणि माळा भरला की रद्दीत. या वह्यांत केवळ रकमा नसतात. पहिल्या पानावर संवत, मिती, गाव आणि पेढीचे नाव असते. पेढीच्या नावात बहुधा दोन पिढ्या असतात, आधी वडिलांचे नाव आणि मग मुलाचे. घरखर्चाच्या खात्यात मुलीच्या लग्नाची लुगडी, सुईणीची बिदागी, मयताचे सामान, तीर्थयात्रेचा खर्च असे सारे तारखेनिशी लिहिलेले सापडते. जन्माचा दाखला नसलेल्या आजोबांच्या जन्माची मिती कधीकधी साखर वाटल्याच्या खर्चावरून निघते. हिशेबाची वही खोटे बोलत नाही, कारण ती वंशजांना प्रभावित करण्यासाठी लिहिलेलीच नसते.

विवाहातून उलगडणारे नाते

पूर्वजांच्या शोधात विवाहसंबंधांचे महत्त्व सर्वाधिक. ओसवाल, खंडेलवाल आदी ज्ञातींत सोयरीक जुळविताना स्वतःचे, आईचे, आजीचे आणि आईच्या आईचे अशी चार गोत्रे टाळण्याची रीत होती. ही रीत पाळण्यासाठी तरी प्रत्येक घराला स्त्रियांकडील कुळे माहीत ठेवावी लागत. आज सोयरीक जुळविणाऱ्या परिचयपत्रकात वधूवरांचे शिक्षण, उंची आणि वेतन तपशिलाने असते. आजीच्या माहेरासाठी जागा नसते. त्यामुळे एका पिढीत स्मरणाची ही शिस्त मोडली.

जैन कथावाङ्मयात जंबूस्वामींच्या चरित्रात अठरा नात्यांची कथा येते. कुबेरसेनेची जुळी मुले, कुबेरदत्त आणि कुबेरदत्ता, बालपणीच पेटीत घालून नदीत सोडली गेली. बोटांत नावाच्या अंगठ्या होत्या, तेवढीच त्यांची ओळख. दोन निरनिराळ्या घरांत ती वाढली आणि अजाणता त्यांचाच एकमेकांशी विवाह झाला. अंगठ्या जुळल्या तेव्हा सत्य उघड झाले आणि कुबेरदत्तेने दीक्षा घेतली. कथेचा रोख संसारातील नात्यांच्या असारतेवर आहे. तथापि नोंद हरवली की काय अनर्थ ओढवू शकतो, हेही ती सांगून जाते. जवळच्या रक्तसंबंधातील विवाहाने काही आनुवंशिक रोगांचा धोका वाढतो, असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. आजोबा, काका आणि आत्या कोणत्या आजाराने व कोणत्या वयात गेले, ही माहिती घराण्याच्या वहीत असेल तर डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर देता येते.

विवाहाची साधने घरोघरी असतात, फक्त त्यांकडे त्या दृष्टीने पाहिले जात नाही. जुनी छापील लग्नपत्रिका पाहा. तिच्यात आजोबांचे नाव, मूळ गाव, काका, मामा आणि निमंत्रक भाऊबंद यांची यादी मिळते. दोन भावांच्या लग्नपत्रिका शेजारी ठेवल्या तर कोण कधी निवर्तले तेही कळते, कारण पहिल्या पत्रिकेतील नावापुढे दुसऱ्या पत्रिकेत ‘कै.’ लागलेले असते. दुसरे साधन आहेराची वही. कोणत्या गावच्या कोणी किती आहेर केला, हे परतफेडीसाठी लिहून ठेवलेले असे. पण पुढच्या पिढीस तीच वही नातेवाइकांची संपूर्ण सूची ठरते. मारवाडी घरांतील मायरा आणि गुजराती घरांतील मामेरा यांच्या याद्यांतून आईच्या माहेरचा पत्ता लागतो. तिसरे साधन भांड्यांचे. तांब्या-पितळेच्या हंड्यावर, परातीवर नाव, गाव आणि साल कोरून देण्याची पद्धत होती. त्यांतील कित्येक भांडी मोडीत गेली. उरलेली मोडीत देण्यापूर्वी निदान त्यांवरील अक्षरे तरी उतरवून घ्यावीत. ज्या स्त्रीचे नाव कोणत्याही कागदावर नाही, तिचे नाव एखाद्या घंगाळावर असू शकते.

कचेरीतील कागद

आता सरकारी साधनांकडे वळू. खेडोपाडी कोतवालाकडील जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, तलाठ्याकडील फेरफार आणि वारसनोंदी, नगरभूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक, जुन्या प्राथमिक शाळांची जनरल रजिस्टरे यांतून साधारणपणे चार-पाच पिढ्या मागे जाता येते. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ सालचा; त्यापूर्वीच्या नोंदी असतातच, पण त्या जुन्या वह्यांत धीराने शोधाव्या लागतात. त्यामागील काळासाठी पुणे येथील पेशवे दप्तर आणि कोल्हापूरचे पुरालेखागार आहे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, शेटेपण अशी वतने असलेल्या किंवा सरकारशी देण्याघेण्याचा व्यवहार असलेल्या घराण्यांचे उल्लेख तेथे मिळण्याचा संभव अधिक.

न्यायालयीन कागद हेही एक दुर्लक्षित साधन आहे. निपुत्रिक जैन विधवेस पतीच्या स्पष्ट अनुमतीवाचून दत्तक घेता येतो, ही रूढी प्रिव्ही कौन्सिलने १८७८ साली शिवसिंगराय विरुद्ध दाखो या खटल्यात मान्य केली होती. दत्तक, वाटणी आणि वारसा यांवरून जेथे जेथे दावे झाले, तेथे वादी-प्रतिवादींना आपापली वंशावळ दाखल करावी लागली. भाऊबंदकी ही दुःखद गोष्ट खरी, पण तिने कागद मागे ठेवला.

हे बहुतेक जुने कागद मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी मुलखातील व्यवहार मोडीत चालत असे; मारवाडी पेढ्यांवर महाजनी किंवा मुडिया लिपी होती. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती निकड आहे, हे साऱ्या राज्याने पाहिले. आपल्या समाजातील दहा तरुणांनी जरी मोडी शिकून घेतली तरी पुष्कळ घरांची बंद पेटी उघडेल.

कागद वाचताना आडनावाच्या भरवशावर राहू नये. आडनाव हे पुष्कळदा हुद्द्याचे किंवा धंद्याचे असते. कोठारी म्हणजे कोठार सांभाळणारे, पारख म्हणजे नाणी व जवाहीर पारखणारे, संघवी म्हणजे यात्रासंघ काढणारे, आणि दोशी म्हणजे दौष्यिक, कापडाचे व्यापारी. एकच धंदा करणारी परस्परांशी असंबंधित घराणी एकाच आडनावाची झाली. उलट एकाच घराण्याच्या शाखांची आडनावे निराळी झाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे मूळचे देसाई आणि मूडबिद्रीकडचे. गावकामाच्या हुद्द्यावरून पुढे पाटील झाले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. तसेच जुन्या नोंदीत ‘जैन’ हा शब्द असेलच असे नाही. श्रावक, वाणी, गुजर, मारवाडी, कासार अशा नावांखाली आपले पूर्वज दडलेले असतात. दुसऱ्या बाजूने, नोंदीत वाणी किंवा गुजर दिसला की तो जैनच, असेही गृहीत धरता येणार नाही.

मितीचा गोंधळ ही आणखी एक अडचण. विक्रम संवतातून ५७ वजा केले की साधारणतः इसवी सन मिळतो आणि शकात ७८ मिळवावे लागतात. वीर निर्वाण संवतातून ५२७ किंवा, जानेवारीपासून दिवाळीपर्यंतच्या मितीस, ५२६ वजा करावे. पण गुजराती संवत कार्तिकात बदलतो व मारवाडी संवत चैत्रात. त्यामुळे वैशाखातील गुजराती मितीस ५६ च वजा करावे लागतात. मोडी कागदांतील शुहूर सनात ५९९ किंवा ६०० आणि दक्षिणेतील फसली सनात ५९० मिळवावे. वद्य पक्षाची तर निराळीच गंमत. उत्तरेकडे महिना पौर्णिमेस संपतो, आपल्याकडे अमावास्येस. म्हणून भगवान महावीरांचा निर्वाणदिन उत्तरेकडील पंचांगात कार्तिक अमावास्या असतो आणि महाराष्ट्रात आश्विन अमावास्या. दिवस एकच. हे न कळल्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन मित्या पाहून दोन व्यक्ती मानल्याची उदाहरणे घडतात.

शोधाची नीती

सत्य हे अणुव्रत आहे, त्याचे पालन या कामातही झाले पाहिजे. एका साधनावर विसंबू नये. वहीवंचाची नोंद मूर्तिलेखाशी, मूर्तिलेख खातेवहीशी आणि खातेवही सरकारी कागदाशी पडताळून पाहावी, जसा रोजमेळ शिलकेशी पडताळतात. जेथे दुवा सापडत नाही तेथे रेघ तुटक ठेवावी. शिल्लक जुळत नाही म्हणून कोणी बनावट रक्कम घालीत नाही. वंशावळीतही तीच सचोटी असावी.

त्याचबरोबर अहिंसेचेही भान हवे. शोधात दत्तकपुत्र सापडेल, पुनर्विवाह सापडेल, ज्ञातीबाहेरचा संबंध सापडेल, कर्जबाजारीपण सापडेल. दिवंगतांच्या नोंदी लिहाव्यात, पण हयात व्यक्तींविषयीची कोणतीही नाजूक गोष्ट त्यांच्या संमतीखेरीज उघड करू नये. एखाद्या घराला कमीपणा आणण्यासाठी वंशावळीचा उपयोग करणे हा कुलमदाचाच दुसरा प्रकार होय. ज्ञातीबाहेरून आलेली सून आणि ज्ञातीबाहेर गेलेली मुलगी, दोघींनाही वहीत तेवढेच स्थान मिळाले पाहिजे.

किंबहुना या कामाचा आरंभच स्त्रियांच्या नावांपासून व्हावा. आजवरच्या बहुतेक छापील वंशवृक्षांत पुरुषापुढे पुरुष लिहिला गेला. बाराव्या शतकातील बामणीच्या शिलालेखाने आई आणि पत्नी यांची नावे कोरली, आणि विसाव्या शतकातील छापील वंशवृक्षाने ती गाळली, ही काही प्रगतीची खूण नव्हे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात करावयाचे कार्य

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात जैन ४४,५१,७५३ आणि त्यांपैकी महाराष्ट्रात १४,००,३४९ आहेत. देशातील जवळजवळ एकतृतीयांश जैन एका महाराष्ट्रात राहतात, परंतु त्यांच्या स्थलांतराचा घराघरांतील इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाही. तो लिहिण्यास बाहेरून कोणी येणार नाही.

यास्तव विश्वस्त मंडळाने आणि समाजाने या वर्षी चार गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी विनंती आहे. एक, आपल्या परिसरातील मंदिरांतील सर्व मूर्तिलेखांची आणि जुन्या दानशिलांची स्पष्ट छायाचित्रे काढून त्यांचे वाचन करून घ्यावे. जीर्णोद्धाराच्या वेळी जुन्या शिळा निघतात आणि ढिगाऱ्यात जातात, नित्य प्रक्षालनाने व लेपाने अक्षरे झिजतात वा झाकली जातात. म्हणून हे काम जीर्णोद्धाराच्या ठरावाआधी व्हावे. दोन, ऐंशीच्या पुढील प्रत्येक ज्येष्ठ व्यक्तीची, विशेषतः आजींची, मुलाखत ध्वनिमुद्रित करावी. मोबाइलमुळे त्यास कसलाच खर्च नाही. तीन, जुन्या वह्या, पत्रिका आणि हस्तलिखिते रद्दीत घालण्यापूर्वी संस्थेच्या ग्रंथालयास दाखवावीत. चार, मोडी लिपीचा एक वर्ग सुरू करावा.

यांपैकी पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या कामास थोडा विलंब लागला तरी चालेल. दुसऱ्या कामास मात्र विलंब परवडणारा नाही. दगड वाट पाहतो, कागदही काही काळ वाट पाहतो. माणूस पाहत नाही. एक आजी जाते तेव्हा तिच्याबरोबर तिच्या माहेरची, आजोळची आणि सासरची अशी तीन घराण्यांची माहिती जाते.

तत्त्वतः आत्म्याला कुल नाही आणि गोत्रही नाही. भवभ्रमणात कोण कोणाचा पिता आणि कोण कोणाचा पुत्र होऊन गेला, याची गणती केवलज्ञानीच जाणे. परंतु हा मनुष्यभव, हे श्रावककुल आणि जिनवाणी कानी पडण्याचा हा योग ज्यांच्यामुळे लाभला, ती माणसे खरी होती, त्यांना नावे होती. मूर्तीच्या पादपीठावर आपल्या आईच्या श्रेयासाठी चार अक्षरे कोरविणाऱ्या त्या अज्ञात श्रावकाने आपले कर्तव्य केले. ती अक्षरे वाचण्याचे कर्तव्य आजच्या पिढीचे आहे.